नवे कूलंट, आत राहिलेले पाणी: पसरणीच्या घाटात तापणाऱ्या एका गाडीचे प्रकरण

मे महिन्याच्या मध्यावर वाईतील आमच्या गॅरेजमध्ये एक छोटी पेट्रोल गाडी आली. इंजिन १.२ लिटरचे आणि चार सिलिंडरचे होते, हेड (सिलिंडरवर बसणारा इंजिनाचा वरचा भाग) व रेडिएटर ॲल्युमिनियमचे होते, गाडीचे वय नऊ वर्षे आणि रनिंग सुमारे ८७,००० किलोमीटर होते. मालक निवृत्त शिक्षक असून वाईजवळच्या एका गावात राहतात. नातू पाचगणीच्या निवासी शाळेत शिकत असल्यामुळे त्यांना पसरणीचा घाट वरचेवर चढावा लागतो. वाई–सातारा या सपाट रस्त्यावर गाडीचा काटा मध्यावरून हलत नसे. घाटात मात्र एसी लावून दुसऱ्या गिअरमध्ये चढताना शेवटच्या वळणांवर तो वर सरकू लागे. पाचगणीत गाडी थांबवली की बॉनेटखालून खदखदल्यासारखा आवाज येई आणि कूलंटच्या बाटलीच्या झाकणातून गरम पाणी बाहेर पडे. दुसऱ्या दिवशी बाटलीतली पातळी खाली गेलेली असे आणि गुरुजी ती घरच्या पाण्याने भरून घेत.

आमच्याकडे येण्यापूर्वी त्यांना दोन सल्ले मिळाले होते. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाका, हा पहिला आणि हेड उघडून पॅकिंग बदला, हा दुसरा. कूलंटबद्दल कोणालाही शंका आली नव्हती, कारण ते नुकतेच बदललेले होते. “अहो, कूलंट तर मागच्याच दिवाळीत बदललंय. हे बघा बिल,” असे म्हणत गुरुजींनी गाडीच्या कप्प्यातून घडी घातलेला कागद काढला. त्यावर कूलंटच्या ओळीत प्रमाण लिहिले होते ३ लिटर. या गाडीच्या पुस्तिकेत कूलिंग सिस्टीमची क्षमता बाटलीसह सुमारे ५ लिटर दिलेली आहे. उरलेले दोन लिटर कशाचे होते, हा प्रश्न तिथेच उभा राहिला आणि पुढची सगळी तपासणी त्याच दिशेने झाली.

तपासणीकडे वळण्यापूर्वी या द्रवाचे काम काय ते सांगणे आवश्यक आहे, कारण आपल्याकडे कूलंट म्हणजे रंगीत पाणी असा समज अजूनही सर्रास आढळतो. इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलमधील उष्णतेपैकी ढोबळमानाने एक चतुर्थांश ते एक तृतीयांश भागच चाकांपर्यंत पोहोचणाऱ्या कामासाठी वापरला जातो. उरलेल्यापैकी मोठा वाटा सायलेन्सरवाटे जातो आणि जवळपास तितकाच वाटा कूलंटला वाहून न्यावा लागतो. उष्णता वाहून नेण्याच्या बाबतीत शुद्ध पाणी खरे तर सर्वोत्तम आहे. पण ते १०० अंश सेल्सिअसला उकळते, धातूला गंज आणते आणि थंड प्रदेशात गोठते. त्यात कूलंटमधले मुख्य द्रव्य, म्हणजे इथिलीन ग्लायकॉल, निम्म्याने मिसळले की गोठणबिंदू उणे ३७ अंशांच्या आसपास जातो आणि उत्कलनबिंदू समुद्रसपाटीला उघड्यावर १०७ अंशांच्या घरात पोहोचतो. आपल्याकडे पाणी गोठण्याचा प्रश्न नाही, म्हणून ग्लायकॉलची गरजही नाही, असा युक्तिवाद मी अनेकांकडून ऐकतो आणि तो मला अजिबात मान्य नाही. वाढलेला उत्कलनबिंदू घाटात कामी येतो. शिवाय ॲल्युमिनियम, लोखंड, सोल्डर आणि रबर यांना एकत्र जपणारी गंजरोधक रसायने कूलंटसोबतच येतात, त्यामुळे कूलंट जितके पातळ होईल तितकी तीही पातळ होतात.

दुसरा आधार रेडिएटरच्या झाकणाचा असतो. या गाडीच्या झाकणावर १.१ बार (बार हे दाबाचे एकक) हा आकडा कोरलेला आहे. याचा अर्थ असा की बाहेरच्या हवेपेक्षा १.१ बारने अधिक दाब होईपर्यंत झाकणातील स्प्रिंग द्रवाला बाहेर जाऊ देत नाही. दाब वाढला की उत्कलनबिंदूही वाढतो. पाचगणी समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंच आहे. तिथे हवेचा दाब कमी असल्याने उघड्या भांड्यातील पाणी ९६ अंशांच्याही किंचित अलीकडे उकळते. मात्र झाकण धड असेल आणि मिश्रण निम्मे-निम्मे असेल, तर त्याच पाचगणीत इंजिनातील कूलंट साधारण १२६ अंशांपर्यंत उकळणार नाही. इंजिन सर्वसाधारणपणे ९० ते १०० अंशांच्या दरम्यान चालते. म्हणजे निरोगी गाडीकडे पंचवीसेक अंशांची मोकळीक असते आणि ही मोकळीक कुठे गेली, ते आम्हाला शोधायचे होते.

गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी पूर्ण थंड अवस्थेत झाकण उघडले. गरम इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये. आत दाबाखाली असलेला शंभर अंशांपुढचा द्रव दाब जाताच क्षणात वाफ होऊन उसळतो आणि तोंड, मान व हात भाजतात. वरचा होस पाइप हाताने दाबून पाहणे ही खात्रीची सवय आहे. तो थंड आणि मऊ लागला तरच झाकणाला हात लावावा. या गाडीत झाकणाखालचा द्रव चहाच्या रंगाचा निघाला. बिलावरचे कूलंट हिरवे होते, पण हिरव्या रंगाचा मागमूसही नव्हता. झाकण जिथे बसते त्या पितळी कड्याभोवती पांढरट, खरखरीत क्षार जमलेला होता आणि नखाने खरवडल्यावर त्याची पापुद्र्यासारखी कपची निघाली. झाकणाच्या खालच्या रबरावर त्या क्षाराचा वर्तुळाकार ठसा उमटलेला होता आणि रबर कडक होऊन त्याला बारीक चिरा पडल्या होत्या.

द्रवाचे थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या (ग्लायकॉलच्या प्रमाणानुसार गोठणबिंदू दाखवणाऱ्या उपकरणाच्या) काचेवर टाकून उजेडाकडे धरले. इथिलीन ग्लायकॉलच्या पट्टीवर निळ्या-पांढऱ्या रंगांची सीमारेषा उणे ८ अंशांवर थांबली. उणे ८ याचा अर्थ ग्लायकॉलचे प्रमाण साधारण २० टक्के. प्रोपिलीन ग्लायकॉलची पट्टी वेगळी असते आणि दोन्ही पट्ट्या एकाच काचेवर शेजारी छापलेल्या असतात, त्यामुळे वाचताना गफलत होऊ शकते, एवढे ध्यानात ठेवावे. सामू (पीएच) तपासण्याची कागदी पट्टी ७ च्याही किंचित खाली रंग दाखवत होती. नवे कूलंट अल्कधर्मी असते. ते आम्लतेकडे झुकले की त्यातील गंजरोधक संपत आल्याचे समजावे आणि अशा द्रवात ॲल्युमिनियम सुरक्षित राहत नाही. मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरी कूलंटमध्ये बुडवून पाहिली. आकडा ०.१ व्होल्टच्या आत होता, म्हणजे अर्थिंग बिघडून धातू खाल्ला जात असल्याची शंका मिटली.

आता बिलाचा हिशोब मांडता येतो आणि तोच या प्रकरणाचा गाभा आहे. रेडिएटरची तोटी उघडली की या इंजिनातून जेमतेम ३ लिटर द्रव बाहेर येतो. ब्लॉक, हेड आणि हीटरची जाळी यांत सुमारे २ लिटर अडकून राहतो. दिवाळीत बाहेरच्या एका वर्कशॉपमध्ये जुने कूलंट काढून पाइपने पाणी मारून सिस्टीम धुतली गेली होती, असे गुरुजींनी स्वतः उभे राहून पाहिले होते. धुतल्यानंतर पुन्हा तोटी उघडली तेव्हा ३ लिटर पाणी बाहेर आले, पण २ लिटर साधे पाणी इंजिनातच राहिले. त्यावर ५० टक्क्यांचे तयार मिश्रण ३ लिटर ओतले गेले. त्या ३ लिटरमध्ये ग्लायकॉल दीड लिटर होते आणि ते ५ लिटरमध्ये पसरले, म्हणजे पहिल्याच दिवशी प्रमाण ३० टक्क्यांवर आले. बाटलीवर छापलेले ५० टक्के या गाडीत एकही दिवस नव्हते. पुढे गळती होत राहिली आणि गुरुजी घरचे पाणी भरत राहिले. असे थोडेथोडे करून सुमारे दोन लिटर पाणी गेले असेल, तर ३० टक्क्यांचे २० टक्के होतात. त्यांना विचारले असता, लिटरची एक बाटली गाडीत कायम ठेवलेली असते आणि ती दोनदा तरी रिकामी झाली असेल, असे त्यांनी सांगितले. रिफ्रॅक्टोमीटर आणि आठवण या दोन्ही गोष्टी एकमेकींशी जुळल्या.

घरचे पाणी म्हणजे बोअरचे पाणी. दख्खनच्या बेसाल्ट खडकातील बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, एकूण कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतले जाते. पिण्यासाठी चालवून घेतलेले पाणी इंजिनासाठी चालतेच असे नाही. गरम धातूच्या पृष्ठभागावर त्यातील कॅल्शियम कार्बोनेट बाहेर पडते आणि गिझरच्या कॉइलवर बसतो तसाच थर हेडच्या पाण्याच्या वाटांमध्ये व रेडिएटरच्या चपट्या नळ्यांमध्ये बसतो. या गाडीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली. जपानी घडणीच्या इंजिनांसाठी बनणाऱ्या कूलंटमध्ये गंजरोधक म्हणून फॉस्फेट वापरण्याची पद्धत आहे, कारण तिथल्या उत्पादकांना सिलिकेटमुळे वॉटर पंपाच्या सीलची झीज होईल अशी धास्ती वाटते. युरोपातील बहुतेक उत्पादक मात्र फॉस्फेट टाळतात, कारण तिथले पाणी कठीण आहे आणि फॉस्फेटची कॅल्शियमशी गाठ पडली की न विरघळणारा साका तयार होतो. फॉस्फेटचे कूलंट आणि बोअरचे पाणी या गाडीत एकत्र आले होते. गंज रोखण्यासाठी घातलेले रसायन साक्याच्या रूपाने नळ्यांमध्ये जाऊन बसले होते.

इथून एक दुष्टचक्र सुरू झालेले दिसते. क्षार झाकणाच्या बैठकीवर जमला आणि झाकण नीट बसेना. दाब धरला न गेल्यामुळे घाटात द्रव उकळून बाटलीवाटे बाहेर पडला. गेलेल्या द्रवाच्या जागी पुन्हा क्षारयुक्त पाणी आले आणि त्याने झाकणाची बैठक आणखी खराब केली. दाब तपासण्याच्या पंपावर ते झाकण लावले तेव्हा १.१ बारऐवजी ०.४ बारलाच ते हवा सोडू लागले. या दाबाला, २० टक्के ग्लायकॉल असताना, पाचगणीच्या उंचीवर उत्कलनबिंदू १०८ अंशांच्या आसपास येतो. १२६ आणि १०८ यांतील फरक म्हणजे हरवलेली मोकळीक. सपाट रस्त्यावर ती कमतरता जाणवत नव्हती, कारण तिथे द्रव ९५ अंशांच्या पुढे जातच नव्हता.

तरीही हेड गॅस्केटची, म्हणजे हेडखालच्या पॅकिंगची, शंका दूर करणे आवश्यक होते, कारण दाबाने पाणी बाहेर फेकले जाणे हे त्याचेही लक्षण आहे. रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रावणाची नळी बसवून इंजिन चालू ठेवले. सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये शिरत असेल तर त्यातील कार्बन डायऑक्साइडमुळे हे द्रावण पिवळे पडते. आमचे द्रावण शेवटपर्यंत निळेच राहिले. नंतर थंड इंजिनावर हातपंपाने १ बार दाब देऊन ठेवला आणि काटा जागचा हलला नाही. म्हणजे होस, वॉटर पंप, हीटर आणि रेडिएटर यांत गळती नव्हती. हेड उघडण्याचा सल्ला इथे निकाली निघाला आणि गुरुजींचा मोठा खर्च वाचला.

रेडिएटर मात्र निर्दोष नव्हता. इंजिन गरम करून पंखा लागल्यावर लेझरच्या थर्मामीटरने त्याच्या जाळीचे तापमान घेतले. चकचकीत ॲल्युमिनियमवर हा थर्मामीटर खोटे आकडे दाखवतो, म्हणून जाळीवर ठरावीक अंतराने काळ्या चिकटपट्टीचे तुकडे लावून त्यांवर मापे घेतली. वरच्या दोन तृतीयांश भागात आकडे ऐंशीच्या वर होते, तर खालच्या काही नळ्यांच्या पट्ट्यात पन्नाशीच्या घरात होते. या रेडिएटरमध्ये द्रव आडवा वाहतो, त्यामुळे साका खालच्या नळ्यांत बसणे स्वाभाविक होते. उत्कलनबिंदू खाली आलेला असताना रेडिएटरचीही ताकद घटलेली होती.

कूलंट काढण्याचे काम दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर सुरू केले. गाडी रॅम्पवर घेऊन खालचे प्लॅस्टिकचे आवरण काढले आणि रेडिएटरच्या खालच्या कोपऱ्यातील तोटीखाली रुंद टब ठेवला. ही तोटी प्लॅस्टिकची असते आणि नऊ वर्षांच्या उष्णतेने ती ठिसूळ झालेली असते, त्यामुळे पक्कड लावून जोर करू नये. ती हाताने अर्धा फेरा फिरली आणि आधी धार बारीक आली. वरचे झाकण उघडताच ती जाड झाली, कारण हवा आत शिरल्याशिवाय द्रव मोकळेपणाने बाहेर येत नाही. मापाच्या भांड्यात तीन लिटरला थोडे कमी पडले. ब्लॉकला तळाशी नटाचे बूच असते आणि ते उघडले तर अडकलेला बराचसा द्रव निघतो. पण या इंजिनात ते एक्झॉस्टच्या मागे असून गंजलेले होते. ते तुटले असते तर छोट्या कामाचे मोठे काम झाले असते, म्हणून त्याला हात न लावण्याचा निर्णय घेतला. त्याऐवजी आत राहणारे २ लिटर हिशोबात धरून पुढचे काम करायचे ठरले.

थर्मोस्टॅट काढून घेतल्याशिवाय सिस्टीम धुण्याला अर्थ नाही. थंड असताना तो बंद असतो आणि रेडिएटरमध्ये ओतलेले पाणी इंजिनात फिरतच नाही. पाइपने पाणी मारून धुतले असे म्हणतात तेव्हा पुष्कळदा एकटा रेडिएटरच धुतला जातो. आम्ही थर्मोस्टॅट काढून पाण्याच्या पातेल्यात दोरीने टांगला आणि शेजारी थर्मामीटर ठेवून पाणी तापवले. त्यावर ८२ चा आकडा होता आणि ८२ ते ८४ च्या दरम्यान तो उघडू लागला, पण पूर्ण उघडायला फारच वेळ घेत होता. म्हणून नव्या पॅकिंगसह नवा बसवायचे ठरवले. थर्मोस्टॅट कायमचा काढून टाकण्याची जी प्रथा घाटमाथ्यावरच्या गॅरेजांत रुजलेली आहे, तिला माझा ठाम विरोध आहे. इंजिन योग्य तापमानाला पोहोचायला मग फार वेळ लागतो, सेन्सर इंजिन थंड असल्याचे कळवत राहतो आणि कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडत राहतो. ऑइलमध्ये पाणी व पेट्रोल साचते आणि सिलिंडरची झीज वाढते. शिवाय ज्या दोषामुळे गाडी तापत होती तो दोष तसाच झाकून राहतो.

धुण्याचेही एक गणित आहे. दर वेळी ५ पैकी ३ लिटर बदलले जात असतील तर जुन्याचा ४० टक्के अंश आत राहतो. दुसऱ्यांदा बदलल्यावर १६ टक्के, तिसऱ्यांदा साडेसहा टक्क्यांच्या जवळ आणि चौथ्यांदा अडीच टक्क्यांच्या आसपास उरतो. म्हणून एकदा धुणे म्हणजे जवळपास न धुण्यासारखेच आहे. आम्ही आधी साध्या पाण्याने गाळ काढला आणि मग कोमट पाण्यात सायट्रिक आम्लाचे सौम्य द्रावण भरून इंजिन थोडा वेळ चालवले. कॅल्शियमचा थर त्यात विरघळतो. त्यानंतर ते तापलेले द्रावण इंजिन निवल्यावर काढले, तेव्हा ते गढूळ पिवळे होते आणि टबाच्या तळाशी वाळूसारखे कण बसले. पुढची धुणी आम्लाचा अंश जाईपर्यंत, म्हणजे सामूची पट्टी बाहेर येणाऱ्या आणि आत जाणाऱ्या पाण्याला सारखाच रंग दाखवीपर्यंत केली. शेवटची धुणी डिस्टिल्ड वॉटरची केली, जेणेकरून आत राहणारे २ लिटर पाणी क्षाराविना असावे. जुन्या पितळ-तांब्याच्या रेडिएटरसाठी काही ठिकाणी मीठाचे आम्ल किंवा कॉस्टिक सोडा वापरतात. ॲल्युमिनियमला हे दोन्ही खातात, त्यामुळे आजच्या गाडीत त्यांचा वापर करूच नये.

काढलेले कूलंट झाकणाच्या कॅनमध्ये भरून, त्यावर चिठ्ठी लावून वेगळे ठेवले. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि अत्यंत विषारी असते. अंगणात किंवा गटारात ओतलेले कूलंट कुत्री-मांजरे चाटतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊन मरतात. लहान मुलांनाही तोच धोका असतो. टब भरलेला असताना तो क्षणभरही उघडा सोडायचा नाही, असा आमच्याकडे कडक नियम आहे. साठलेला द्रव प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या संकलकाकडे द्यावा.

नवे कूलंट निवडताना रंग पाहिला नाही. हिरवा, लाल, निळा, गुलाबी हे रंग उत्पादक आपापल्या सोयीने टाकतात आणि त्यांना कोणतेही सर्वमान्य मानक नाही. पाहायचे ते गाडीच्या पुस्तिकेतील प्रकार आणि बाटलीवरचे मानक, म्हणजे आयएस ५७५९, जपानचे जेआयएस के २२३४ किंवा अमेरिकेचे एएसटीएम डी ३३०६ यांपैकी लागू असलेले. या इंजिनाला सेंद्रिय आम्ले व फॉस्फेट यांचे मिश्रण असलेला प्रकार चालतो, म्हणून तोच, पण तयार मिश्रणाऐवजी पाणी न घातलेला घेतला. कारण उघड आहे. आत २ लिटर डिस्टिल्ड वॉटर आधीच होते, त्यामुळे ५ लिटरच्या निम्मे म्हणजे अडीच लिटर शुद्ध कूलंट आधी ओतले आणि वर अर्धा लिटर डिस्टिल्ड वॉटर घातले. हेच दिवाळीत झाले असते तर ५० टक्क्यांचे ३० टक्के झाले नसते. जास्त ते चांगले असे समजून नुसते कूलंट भरणाऱ्यांनाही सांगितले पाहिजे की शुद्ध ग्लायकॉल पाण्याच्या साधारण ५७ टक्केच उष्णता धरून ठेवू शकते आणि उणे १३ अंशांच्या आसपास गोठतेही. पाण्याशिवाय ते निकृष्ट कूलंट आहे.

भरताना हवा बाहेर काढणे हे काम घाईने होत नाही. गाडीचे तोंड चढावर करून उभी केली, हीटर पूर्ण गरमवर ठेवला आणि द्रव अगदी बारीक धारेने ओतला. वरचा होस मधूनमधून हाताने दाबला की बुडबुडे फुटत वर येत आणि पातळी बोटभर खाली जाई. झाकण न लावता इंजिन चालू केले. थर्मोस्टॅट उघडताच पातळी एकदम खाली गेली, तेव्हा उरलेला द्रव घातला. त्यानंतर नवे १.१ बारचे झाकण लावले. बैठकीचे कडे क्षार काढून गुळगुळीत केले होते, नाहीतर नवे झाकणही काही महिन्यांत निकामी झाले असते. पंखा लागून बंद होण्याची फेरी पुन्हा पुन्हा पाहिली. हीटरमधून गरम हवा येत राहिली, याचा अर्थ त्याच्या जाळीत हवा अडकलेली नव्हती. इंजिन निवल्यावर बाटलीतील पातळी किमान रेषेवर आली, ती कमाल रेषेपर्यंत भरली. रिफ्रॅक्टोमीटरने उणे ३६ दाखवले.

घाटाची चाचणी दुपारी, एसी लावून, गुरुजींना सोबत घेऊन केली. इंजिनाच्या सेन्सरचे नेमके आकडे दाखवणारा स्कॅनर जोडून ठेवला होता, कारण बहुतेक गाड्यांतील काटा ८५ ते १०५ अंशांच्या पट्ट्यात जाणीवपूर्वक एकाच जागी ठेवलेला असतो आणि तो हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. वाईतून निघताना ९१, घाटाच्या मध्यावर ९६ आणि वरच्या वळणांवर एका मालट्रकमागे सरपटताना १०१ अंश असे आकडे मिळाले. पाचगणीत गाडी उभी केल्यावर आकडा १०३ वर गेला आणि पंख्याने तो ९५ वर आणला. खदखद झाली नाही आणि बाटलीतून पाणी आले नाही. “मग हेड उघडायची गरजच नव्हती म्हणायची,” गुरुजी म्हणाले. “नव्हती, गुरुजी. फक्त बोअरचं पाणी बंद करा,” एवढेच मी त्यांना सांगितले.

हे १०३ अंश मला पूर्ण समाधानकारक वाटत नाहीत. चिकटपट्टीवरची मापे पुन्हा घेतली तेव्हा खालच्या पट्ट्यात पन्नाशीऐवजी सत्तरीचे आकडे आले, पण वरच्या भागाइतके ते अजूनही तापत नव्हते. म्हणजे काही नळ्या आम्लानेही मोकळ्या झालेल्या नाहीत. नवा रेडिएटर लगेच बसवावा की थांबावे, हा निर्णय मालकाच्या खिशाचाही होता. मे महिन्यातल्या दुपारी, एसीसह, ट्रकमागे चढतानाही उत्कलनबिंदूपासून वीस अंशांहून अधिक अंतर राहत असल्यामुळे थांबण्याचे ठरले. त्यासाठी दोन अटी घातल्या. पहिली अशी की बाटलीतील पातळी दर आठवड्याला थंड इंजिनावर पाहावी आणि ती किमान रेषेखाली गेली तर पाणी न घालता गाडी आमच्याकडे आणावी. दुसरी अशी की पुढच्या उन्हाळ्याच्या आधी रिफ्रॅक्टोमीटर, सामू आणि जाळीचे तापमान ही तिन्ही मापे पुन्हा घ्यावीत, आणि घाटात १०५ च्या पुढे आकडा गेला तर रेडिएटर बदलावा. कूलंटचा प्रकार, प्रमाण, भरलेली तारीख आणि किलोमीटर लिहिलेली चिठ्ठी बॉनेटच्या आतील बाजूला चिकटवली. गाडीत ठेवण्यासाठी त्याच कूलंटचे डिस्टिल्ड वॉटरमध्ये केलेले निम्मे-निम्मे मिश्रण एका लिटरच्या कॅनमध्ये भरून, त्यावर “विष” असे ठळक लिहून दिले.